थंड खोलीतलं सायक्लेमेन

कुंड्या भाड्यानं देते असं सांगितलं की समोरचा माणूस आधी हसायचा आणि मग विचारायचा, "रिकाम्या?" झाडांसकट देते म्हटल्यावर तो आणखीच गोंधळायचा. सिल्वासात तेव्हा मांडव भाड्यानं मिळे, पातेली मिळत, नवरदेवाचा कोटसुद्धा मिळे. पण जिवंत झाड भाड्यानं न्यायचं, आणि तेही शाळामास्तरच्या बायकोकडून, हे पचायला लोकांना काही वर्षं लागली.

माझं माहेर घोलवडचं, चिकूच्या वाडीतलं. कलम बांधणं, माती चाळणं, रोपाला कधी हात लावायचा आणि कधी लावायचा नाही, हे सगळं चालता-बोलता शिकले. लग्नानंतर मास्तरांची सरकारी शाळेत नेमणूक झाली म्हणून सिल्वासाला आले. ऐंशीचं दशक अर्धं सरलं होतं. करात सवलत होती, त्यामुळे जिथे काल भाताचं खाचर होतं तिथे आज पत्र्याची शेड उभी राहत होती. प्रत्येक शेडला एक ऑफिस, ऑफिसात एक काचेची केबिन, आणि केबिनच्या कोपऱ्यात काहीतरी हिरवं हवं असा मालकांचा आग्रह. ते हिरवं आणायचं कुठून आणि जगवायचं कुणी, हा प्रश्न कुणाला पडला नव्हता. तो मला पडला आणि माझा धंदा उभा राहिला.

किलवणीच्या रस्त्याला थोडी जागा घेतली. मदतीला किलवणीचीच सुकरी आली. माझ्याच वयाची, दोन मुलांची आई. डोक्यावर भरलेली कुंडी घेऊन जिना चढायची आणि वर पोचल्यावर माझ्याकडे वळून बघायची, मी अजून खालीच असायचे. पुढे तीनचाकी टेम्पो घेतला, तरी तिची ही सवय गेली नाही.

बाहेरच्यांना वाटतं, कुंडी नेऊन ठेवली, पाणी घातलं, झालं काम. खरं तर बंद खोलीतलं झाड हळूहळू थकतं. उजेड कमी, वारा नाही, वर माणसांचे प्रकार. म्हणून आम्ही प्रत्येक झाडाची जोडी ठेवायचो. एक ऑफिसात ड्युटीवर, दुसरं नर्सरीच्या सावलीत विश्रांतीला. काही आठवड्यांनी अदलाबदल. सुकरी विश्रांतीला आलेल्या झाडांना माहेरवाशिणी म्हणायची आणि त्यांचे जरा जास्तच लाड करायची.

माणसांचे प्रकार म्हटलं, त्यातले दोन सांगते. एका कंपनीत सेल्सचे साहेब उरलेला चहा रोज पामच्या कुंडीत ओतायचे. मी विचारलं तर म्हणाले, साखर आहे ना त्यात, ताकद येईल. ताकद आली ती मुंग्यांना. दुसऱ्या एका शेठना केबिनमध्ये तुळस हवी होती, बाकी झाडांसारखीच भाड्यानं. मी म्हटलं, तुळस मी भाड्यानं देत नाही, अशीच घेऊन जा. ते एवढे खजील झाले की त्यांनी तुळस घरी नेली आणि ऑफिससाठी दुप्पट क्रोटन मागवले.

पण या धंद्यात माझा खरा शत्रू होता एसी. नव्वदीच्या सुमाराला सगळ्या केबिनी थंड झाल्या आणि माझी झाडं पिवळी पडायला लागली. क्रोटन पानं टाकायचा, मनीप्लांट नुसता लांबत जायचा. परचेसचे लोक म्हणायला लागले, बाई, आता प्लॅस्टिकची झाडं चांगली मिळतात, धुतली की झालं. त्या वर्षी दोन कंपन्यांनी मला नमस्कार केला.

सायक्लेमेन मी पहिल्यांदा पाहिलं ते पाचगणीला. शाळेच्या सहलीबरोबर मास्तर गेले होते, मीही गेले. एका नर्सरीत लाकडी फळीवर ओळीनं छोट्या कुंड्या होत्या. बदामाच्या आकाराची गडद पानं, त्यांवर चांदीच्या वर्खासारखी नक्षी, आणि मधून वर निघालेले लांब तांबूस देठ. प्रत्येक देठाच्या टोकाला एक फूल, पण फुलाचं तोंड खाली आणि पाकळ्या सगळ्या वर उलटलेल्या. वाऱ्यानं छत्री उलटी व्हावी तशा. पांढरी, गुलाबी, डाळिंबी. मी त्या फळीपुढून हलेना. मास्तरांना शेवटी बस थांबवून ठेवायला लागली.

कंद घेऊन आले आणि ओळीनं दोन हिवाळे ते मारले. याचा कंद चपट्या लहान सुरणासारखा असतो. मी तो सुरणासारखाच पूर्ण पुरला आणि वरून पाणी घातलं. कुजला. दुसऱ्या वर्षी शिकले की कंदाचं डोकं मातीच्या वर उघडं राहिलं पाहिजे, पाणी खालच्या बशीत द्यायचं, माती ओली झाली की बशीतलं उरलेलं ओतून टाकायचं. एवढं करूनही आमच्या स्लॅबच्या घरात जानेवारीतच पानं पिवळी झाली. दिवसा ऊन पडलं तरी रात्री गारवा हवा, ही त्याची मुख्य मागणी होती, आणि सिल्वासाच्या स्लॅबखाली ती पुरवणं माझ्या हातात नव्हतं.

मग एक दिवस खडोलीच्या एका धाग्याच्या कंपनीत कुंड्या बदलायला गेले होते. नायलॉनच्या सरळ धाग्याला कुरळेपणा देऊन तो सुरतेच्या साड्यांच्या मागांसाठी पाठवायचा, असं तिथलं काम. टेस्टिंग लॅबमधून निरोप आला की आम्हालाही झाड हवं. आत पाऊल टाकलं आणि मी पदर अंगाभोवती ओढून घेतला. बाहेर घाम निथळत होता आणि आत पाचगणी होती.

लॅबची सुपरवायझर होती मंगला. शिरपूरकडची, बी.एस्सी. झालेली, सिल्वासात दोन मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहणारी. अंगात स्वेटर, गळ्यात छोटी कात्री. तिनं मला समजावलं की नायलॉनचा धागा हवेतला दमटपणा ओढून घेतो आणि त्यानं त्याचा ताण बदलतो. म्हणून नमुन्याच्या लड्या आदल्या दिवशी लॅबमध्ये टांगून ठेवायच्या, त्यांना खोलीची हवा लागू द्यायची, आणि मगच मोजायचं. खोलीची हवा वर्षभर एकसारखी राहिली तरच आजचा आकडा कालच्या आकड्याशी ताडून बघता येतो.

मी विचारलं, एसी कधीच बंद होत नाही का. ती म्हणाली, "काकू, पंखा बंद करायला आई घरी सांगायची. इथे बंद केला तर नोकरी जाईल."

मी दुसऱ्याच आठवड्यात पाचगणीहून कंद मागवले.

त्या लॅबला उत्तरेकडे एक मोठी बंद काचेची खिडकी होती. ऊन आत येत नसे, उजेड मात्र भरपूर. खिडकीखालच्या कट्ट्यावर कुंड्या मांडल्या. डिसेंबरात कळ्या दिसल्या आणि नाताळच्या सुमाराला सगळा कट्टा फुलला. रखवालदारापासून अकाउंटंटपर्यंत सगळे काही ना काही निमित्त काढून लॅबमध्ये डोकावू लागले. गुजराती लोक त्याला ऊंधुं फूल म्हणायचे, म्हणजे उलटं फूल. मंगलानं झाडांची सगळी निगा शिकून घेतली. सुकलेलं फूल वरून खुडायचं नाही, देठ मुळाशी धरून पीळ देऊन ओढायचा, म्हणजे मागे तुकडा राहून कुजत नाही. ते करायला तिला इतकं आवडायचं की ती फूल सुकायची वाट बघायची.

एप्रिलात पानं पिवळी पडली तेव्हा सगळ्यांना वाटलं, मेलं. मी सांगितलं, झोपलंय. पाणी बंद केलं, कुंड्या आडव्या करून सावलीत ठेवल्या, पावसाळाभर कंद भाताच्या कोरड्या तुसात राहिले आणि गणपतीनंतर नव्या मातीत गेले. दुसऱ्या हिवाळ्यात फुलं पहिल्याहून जास्त आली. भट्टसाहेब म्हणजे तिथले मॅनेजर, मोजून-मापून बोलणारे, कडक गृहस्थ. त्यांनी आपल्या केबिनमधून प्लॅस्टिकचा गुलाब हलवला आणि सायक्लेमेन मागवलं. मागोमाग आणखी दोन कंपन्यांनी विचारलं. एसीनं माझा धंदा बुडवायला घेतला होता, आणि एसीतच वाढणारं झाड मला सापडलं होतं. मी त्या दिवसांत जरा ताठ मानेनंच चालत असले पाहिजे, कारण मास्तर म्हणाले, दार उंच करून घेऊ का.

तिसऱ्या हिवाळ्यात बिघडलं.

डिसेंबर ठीक गेला. जानेवारी संपता संपता कट्ट्यावरची पानं पिवळी पडू लागली. कळ्या मानेतच सुकायच्या. मी गुरुवारी जायचे, तेव्हा झाडं आजारी दिसायची, पण आजार ओळखू येत नसे. मातीत बोट घातलं तर ती चिकचिकीत. मी मंगलाला म्हटलं, पाणी जास्त होतंय. ती म्हणाली, झाडं माना टाकतात म्हणून घालते. मी म्हटलं, घालू नकोस. तिला ते लागलं. एक कंद तर पार मऊ झाला होता.

त्याच दिवसांत सुरतेहून तक्रारी येऊ लागल्या. खडोलीचा धागा वापरून विणलेलं कापड रंगवलं की त्यात पट्टे उमटत होते. काही लॉट चांगले, काही वाईट. वाईट निघालेले लॉटही लॅबनं पास केलेले होते, म्हणजे आकडे चुकत होते. आणि आकड्यांखाली सही मंगलाची होती.

भट्टसाहेबांनी मशीन तपासली, ती ठीक होती. मग ते लॅबमध्ये आले. थर्मामीटर बघितला, बरोबर होता. दमटपणा मोजायचं यंत्र बघितलं, तेही बरोबर. शेवटी त्यांची नजर खिडकीखालच्या कट्ट्यावर गेली. ओल्या मातीच्या एवढ्या कुंड्या, त्यांतून वर जाणारी वाफ, आणि शेजारीच टांगलेल्या धाग्याच्या लड्या. त्यांची शंका अगदीच खोटी नव्हती, त्यांच्या जागी मीही तेच म्हटलं असतं. त्यांनी मला बोलावून घेतलं.

"बेन, आ कुंडां आजे ज बहार लई जाव," म्हणाले, म्हणजे कुंड्या आजच्या आज बाहेर. आवाज चढवला नाही. मंगलाला मात्र त्यांनी माझ्यासमोरच सांगितलं की महिनाअखेरपर्यंत आकडे सुधारले नाहीत तर लॅबला दुसरा माणूस बघावा लागेल.

मंगलाच्या पगारावर शिरपूरला धाकट्या भावाचं शिक्षण चालू होतं, हे मला माहीत होतं. घरच्यांनी तिला एवढ्या लांब नोकरीला पाठवताना केवढी खळखळ केली होती, तेही तिनं सांगितलं होतं. कामात चूक केली म्हणून काढून टाकलं, असा ठपका घेऊन ती परत गेली असती तर तिला पुन्हा कुणी उंबरा ओलांडू दिला नसता. आणि आता त्या चुकीत माझ्या कुंड्यांचंही नाव आलं होतं. टेम्पोत कुंड्या चढवताना ती मदतीला आली नाही. आतच उभी राहून काचेतून बघत होती.

फेब्रुवारीचं ऊन वाढलेलं. नर्सरीच्या जाळीखाली ठेवली असती तर झाडं आठवड्यात गेली असती. माझं घर तर त्याहून तापलेलं. सुकरी म्हणाली, माझ्याकडे ठेवू. तिचं घर कुडाचं होतं. कारवीच्या भिंती आतून-बाहेरून शेणानं सारवलेल्या, वर कौलं, छप्पर खाली झुकलेलं. ज्या कोपऱ्यात पाण्याची मडकी होती तिथे दुपारीसुद्धा पायाला गार लागायचं. कौलांत एक काच बसवलेली होती, तिच्यातून उजेड यायचा. तिथे आम्ही कुंड्या मांडल्या. सुकरीच्या सासूनं बघितलं आणि कोंबड्यांना दुसरीकडे हलवलं. मोठा मान होता तो.

आणि झाडं सुधारली. आठ-दहा दिवसांत नवीन पानं सरळ उभी राहिली, दोन-तीन कळ्या उघडल्या. माती तीच, कुंड्या त्याच. बदलली होती फक्त जागा. मी कोपऱ्यात उकिडवी बसून बराच वेळ त्या पानांकडे बघत राहिले. खडोलीच्या थंड खोलीत मरायला टेकलेलं झाड किलवणीच्या कुडाच्या घरात फुलत होतं, याचा अर्थ मला लागेना. थंड खोली थंड असताना असं होणं शक्यच नव्हतं.

पुढच्या गुरुवारी कंपनीत गेले तेव्हा मंगला जेवणाच्या सुट्टीत मला शोधत गेटपाशी आली. कुंड्या जाऊन दोन आठवडे झाले होते, तरी सुरतेच्या तक्रारी थांबल्या नव्हत्या. म्हणजे कुंड्यांचा दोष नव्हता, पण ते ऐकायच्या मनःस्थितीत कुणी नव्हतं. तिचा चेहरा उतरलेला होता. मी तिला किलवणीची बातमी सांगितली. तिनं ती ऐकली आणि विचारलं, "काकू, झाड तहानेनं मान टाकतं आणि उकाड्यानं टाकतं, यात फरक असतो का?"

मी म्हटलं, असतो. तहानलेलं झाड पानापासून मऊ होतं, पाणी मिळालं की तासा-दोन तासांत उभं राहतं. उकाड्यानं पडलेलं झाड मधून उघडतं. देठ चारी बाजूंना पसरतात, कंदाचं डोकं उघडं पडतं आणि पाणी घातलं तरी ते त्या दिवशी उठत नाही.

"मग माझी झाडं उकाड्यानं पडायची," ती म्हणाली. "आणि काकू, ती फक्त सोमवारी पडायची."

मी गुरुवारी यायचे, तोपर्यंत झाडं सावरलेली असायची, म्हणून मला ते कधी दिसलंच नव्हतं. ती सोमवारी सकाळी येऊन माना टाकलेली झाडं बघायची आणि मायेनं पाणी घालायची. रविवारी लॅबला सुट्टी असायची, मशीन मात्र चालू असत. शनिवारी संध्याकाळी टांगलेल्या लड्या रविवारभर लॅबमध्ये राहत आणि सोमवारी मोजल्या जात. मंगलानं तिथेच उभ्या उभ्या आठवून बघितलं. सुरतेनं परत पाठवलेले लॉट बहुतेक सोमवारी मोजलेले होते.

त्या रविवारी दुपारी आम्ही दोघी खडोलीला गेलो. माझ्याकडे कुंड्यांचा कायमचा गेट पास होता आणि रखवालदार ओळखीचा. भट्टसाहेबांच्या केबिनमधली झाडं बघायची आहेत म्हटलं, तेही खोटं नव्हतं. मंगलानं सिक्युरिटीकडून लॅबची चावी घेतली. दार उघडलं तसा आतून गरम वाफेचा लोट अंगावर आला. वर पत्र्याची शेड, काच बंद, एसी बंद. टेबलाच्या पत्र्याला हात लावला तर तो तापलेला होता. धाग्याच्या लड्या त्या उकाड्यात निमूट लोंबत होत्या.

मंगला दाराला टेकून उभी राहिली आणि तिला हसू यायला लागलं. ते थांबेना. मग डोळ्यांत पाणी आलं, तरी हसू चालूच. मीही हसायला लागले. रखवालदार धावत आला. त्याला वाटलं, आम्हाला काही लागलं.

त्याच्याकडूनच कळलं. दिवाळीनंतर विजेची बचत म्हणून वरून हुकूम आला होता की रविवारी बंद असलेल्या खात्यांचे एसी बंद ठेवायचे. मेंटेनन्सचा माणूस शनिवारी निघताना बटण बंद करायचा आणि सोमवारी सगळे यायच्या आत चालू करायचा. मंगला येईपर्यंत खोली गार झालेली, थर्मामीटर बरोबर. लॅबला कुणी कळवलंच नव्हतं, कारण लॅब बंद खात्यांच्या यादीत सहज बसून गेली होती. नोव्हेंबर-डिसेंबरात थंडी होती म्हणून काही जाणवलं नाही. ऊन चढलं तसं आधी झाडांना कळलं, मग धाग्याला आणि सगळ्यांत शेवटी माणसांना.

सोमवारी आम्ही दोघी भट्टसाहेबांपुढे उभ्या राहिलो. मी घाबरले होते, कारण तो हुकूम त्यांच्याच सहीनं निघालेला असणार. मंगला घाबरली नव्हती. तिनं सगळं सरळ, क्रमानं सांगितलं. रविवारच्या खोलीबद्दल, सोमवारच्या आकड्यांबद्दल. झाडांबद्दल शेवटी. भट्टसाहेबांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. मग उठले, लॅबमध्ये गेले आणि त्या सकाळी मोजलेल्या लड्यांतल्या काही लड्या परत टांगायला सांगितल्या. दुसऱ्या दिवशी त्याच लड्या पुन्हा मोजल्या. आकडे वेगळे आले.

हुकूम त्याच दिवशी फिरला. सोमवारचे सगळे लॉट परत मोजले गेले, सदोष निघाले ते वेगळे काढले आणि भट्टसाहेब स्वतः सुरतेला जाऊन आले. महिनाअखेरीला तक्रारी थांबल्या होत्या. त्यांनी मंगलाला केबिनमध्ये बोलावून माफी मागितली की नाही, मला माहीत नाही. तिनं कधी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. पण नव्या आर्थिक वर्षात तिला लॅबची इनचार्ज केलं. आणि मला निरोप आला तो असा: "बेन, झाड पाछां मूको. पहेलां झाड, पछी मशीन." आधी झाडं परत ठेवा, मग मशीनचं बघू.

आम्ही टेम्पो घेऊन किलवणीला गेलो. सुकरीच्या घरच्या कोपऱ्यातून कुंड्या काढताना तिची सासू नाराज झाली. एक कुंडी तिच्याकडे ठेवून आलो. लॅबमध्ये कुंड्या आत नेल्या तेव्हा मशीनवरचे लोकही दारात येऊन उभे होते. डाळिंबी रंगाचं एक झाड पूर्ण फुलात होतं. सुकरी ते डोक्यावर घेऊन पुढे चालली होती, आणि मशीन बंद असत्या तर मी म्हटलं असतं की मिरवणूकच होती. मशीन चालूच होत्या म्हणा. पण त्या आवाजातही लोकांनी टाळ्या वाजवल्या, मला ऐकू आल्या.

त्यानंतरची काही वर्षं माझ्या धंद्याची सोन्याची होती. खडोलीतच नव्हे, आजूबाजूच्या कारखान्यांत जिथे जिथे थंड खोली होती तिथून बोलावणं आलं. एका औषध कंपनीनं तर पॅकिंगच्या खोलीबाहेर खास काचेचा कट्टा बांधून दिला. प्लॅस्टिकवाले आमच्या रस्त्यानं यायचे बंद झाले. एक खंत मात्र राहिली. स्वतःच्या घरात, खिडकीत, आपल्या डोळ्यांपुढे एक सायक्लेमेन मला शेवटपर्यंत जगवता आलं नाही. मास्तर एसी घ्यायला तयार नव्हते, आणि झाडासाठी एसी मागायची मला लाज वाटली. आता वाटतं, मागायला हवा होता.

मंगलाचं लग्न ठरलं. घरच्यांनी मुहूर्त मे महिन्यातला काढला. तिनं नकार दिला. मुलाला नाही, महिन्याला. मेमध्ये माझी झाडं झोपलेली असतात, मला लग्नात ती हवी आहेत, असं तिनं घरी सांगितलं. वडिलांना ते पटेना. भाऊ मध्ये पडला, नवरामुलगा समजूतदार निघाला आणि लग्न डिसेंबरात गेलं.

सुकरी आणि मी टेम्पोत कुंड्या गवतात बसवून शिरपूरला निघालो. वाटभर मी काळजीनं मागे वळून बघत होते. कंद आल्यापासून ती झाडं चार भिंतींच्या आत राहिलेली, कधी एसी, कधी कुडाचा कोपरा. पोचलो तेव्हा संध्याकाळ झालेली. घर पाहुण्यांनी भरलेलं, आत पाय ठेवायला जागा नव्हती. मंगलाची आई म्हणाली, मांडवात ठेवा. इलाज नव्हता. ठेवल्या.

सकाळी उठून मी आधी बाहेर धावले. खानदेशातली डिसेंबरची थंडी. अंगणात शेकोटी पेटलेली, तोंडातून वाफा निघत होत्या. मांडवाच्या कडेला सगळ्या कुंड्या उघड्या आभाळाखाली उभ्या होत्या. एकही देठ वाकलेला नव्हता. पानांवर दव होतं, आणि फुलं इतकी ताठ आणि इतक्या गडद रंगात मी लॅबमध्येही कधी पाहिली नव्हती. झाडाला हवा होता तो गारवा त्याला माझ्याकडे आल्यापासून पहिल्यांदा फुकट आणि मोकळा मिळाला होता.

मंगलाची आजी काठी टेकत आली आणि वाकून बघू लागली. "हाई फूल उलटं शे का व?" तिनं विचारलं. मी म्हटलं, नाही आजी, ते असंच असतं. तिनं पाकळ्यांना बोट लावलं आणि म्हणाली, एक आमच्यासाठी ठेव. मग मंगलाची मावशी आली, शेजारीण आली, नवऱ्याकडच्या दोघी आल्या. भट्टसाहेब सपत्नीक आले होते, ते लांबून बघत उभे होते. हळदीच्या हातांनी मंगला बाहेर आली, सगळ्या बायका माझ्याभोवती जमलेल्या बघून तिनं ओळखलं आणि नुसती मान हलवली. दे, म्हणाली.

मी एकेकीला पाणी कसं घालायचं, उन्हाळ्यात पानं गेली तर घाबरायचं नाही, कंद कुठे ठेवायचा, हे सांगत गेले आणि कुंड्या वाटत गेले. अक्षता पडल्या तेव्हा मांडवाच्या कडेला एकही उरली नव्हती.

दुपारी आम्ही निघालो. धुळ्याच्या पुढे सुकरी टेम्पोच्या मोकळ्या जागेत पाय लांब करून आडवी झाली आणि सिल्वासा येईपर्यंत गाढ झोपली.